मुतखडा : ध्वनिलहरींनी तो दिसतो कसा आणि फुटतो कसा?

कमरेच्या एका बाजूला अचानक असह्य कळ येते. ती पुढे ओटीपोटाकडे आणि जांघेत उतरते, सोबत मळमळ किंवा उलटी होते आणि कोणत्याही कुशीवर आराम पडत नाही. मुतखडा मूत्रवाहिनीत सरकला की बहुतेक रुग्णांना असाच त्रास होतो. अशा वेळी डॉक्टर साधारणपणे सर्वात आधी सोनोग्राफी करायला सांगतात. पुढे गरज पडली तर 'मशीनने खडा फोडू' असेही सुचवतात. या दोन्ही गोष्टी ध्वनिलहरींवर चालतात. या लहरी काय करू शकतात आणि काय नाही, हे समजले तर हातातला रिपोर्ट नीट कळतो आणि निर्णय घेणे सोपे जाते.

वर्ध्याच्या उन्हाळ्यात मुतखडा का वाढतो?

वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा अनेकदा ४५ अंशांपर्यंत जातो. शेतात, बांधकामावर किंवा वीटभट्टीवर काम करणाऱ्यांच्या शरीरातले पाणी घामावाटे निघून जाते आणि लघवी कमी व घट्ट होते. घट्ट लघवीत कॅल्शियम, ऑक्झलेट, युरिक अॅसिड असे क्षार विरघळलेले राहू शकत नाहीत. त्यांचे स्फटिक बनतात आणि स्फटिकांवर थर चढत जाऊन खडा तयार होतो. म्हणून उन्हाळ्यात आणि त्यानंतर मुतखड्याचे रुग्ण वाढलेले दिसतात. घरात आई-वडील किंवा भावंडांना मुतखडा झाला असेल तर तुम्हाला होण्याची शक्यता जास्त असते. एकदा झालेला मुतखडा पुन्हा होऊ शकतो.

सोनोग्राफीत खडा दिसतो कसा?

माणसाच्या कानाला सेकंदाला २० ते २०,००० कंपनांचा आवाज ऐकू येतो. पोटाच्या सोनोग्राफीत सेकंदाला साधारण २० ते ५० लाख कंपने असलेला आवाज वापरतात. तो आपल्याला ऐकू येत नाही. डॉक्टरांच्या हातातल्या प्रोबमध्ये विशिष्ट प्रकारचे स्फटिक असतात. त्यांना विजेचा झटका दिला की ते थरथरतात आणि आवाज निर्माण होतो. परत आलेला आवाज त्यांच्यावर आदळला की त्यातून पुन्हा वीज तयार होते. जॅक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० मध्ये स्फटिकांचा हा गुणधर्म दाखवून दिला होता.

शरीराच्या मऊ भागांतून आवाज सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो. १० सेंटिमीटर खोलीवरच्या वस्तूवर आपटून परत यायला त्याला सेकंदाचा सुमारे आठ हजारावा भाग लागतो. प्रतिध्वनी किती वेळाने आला यावरून यंत्र अंतर काढते आणि तो किती जोरदार आहे यावरून पडद्यावरचा ठिपका किती उजळ दाखवायचा हे ठरवते.

खडा कठीण असल्यामुळे तो बराच आवाज परत फेकतो. पडद्यावर तो पांढरा, चमकदार दिसतो आणि त्याच्या मागे आवाज पोहोचत नसल्याने काळी सावली पडते. पांढरा ठिपका आणि त्यामागची सावली ही मुतखड्याची मुख्य खूण आहे.

जेल आणि भरलेली लघवी कशासाठी?

हवा आणि त्वचा यांच्या सीमेवर जवळजवळ सगळा आवाज परत फिरतो. प्रोब आणि त्वचा यांच्यामधली हवा काढून टाकण्यासाठी जेल लावतात. पोटातला गॅसही असाच अडथळा ठरतो. मूत्राशय भरलेले असले की त्यातल्या पाण्यातून आवाज सहज पलीकडे जातो आणि मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाशी अडकलेला खडा दिसू शकतो.

म्हणून ठरवून सोनोग्राफीला जाताना साधारण तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी प्या आणि लघवी रोखून ठेवा. आष्टी, कारंजा, समुद्रपूरकडून एसटीने येणार असाल तर घरून निघताना पाणी पिऊन त्रास करून घेऊ नका. केंद्रावर पोहोचल्यावर प्या. उपाशी यायला सांगितले असेल आणि तुम्हाला मधुमेह असेल, तर गोळी किंवा इन्सुलिनबद्दल आधी विचारून घ्या. कळ तीव्र असेल तर या तयारीसाठी थांबायची गरज नाही.

सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात. त्यामुळे गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांमध्ये मुतखड्याची शंका आली तर पहिली तपासणी हीच असते. गरोदर स्त्रीची सोनोग्राफी पोटदुखीसाठी असली तरी गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यानुसार केंद्राला 'एफ' फॉर्म भरावा लागतो. तुमच्याकडून सही घेतली जाते, तेव्हा घाबरू नका.

सोनोग्राफीत काय सुटू शकते?

मूत्रपिंडातला खडा सोनोग्राफीत चांगला दिसतो. मूत्रवाहिनी मात्र अरुंद असते आणि आतड्यांच्या मागून जाते. तिच्या मधल्या भागात अडकलेला खडा गॅसमुळे दिसेलच असे नाही. अगदी लहान खडेही सुटू शकतात, तर काही वेळा खडा प्रत्यक्षापेक्षा थोडा मोठा मोजला जातो. त्यामुळे एका केंद्रात ६ मिलिमीटर आणि दुसऱ्या केंद्रात ८ मिलिमीटर आले, तर खडा वाढलाच असे समजू नका.

सोनोग्राफी नॉर्मल आहे पण कळ खड्यासारखीच आहे, अशा वेळी डॉक्टर सीटी स्कॅन सांगू शकतात. त्यात जवळजवळ सगळे खडे दिसतात, पण किरणोत्सर्ग असतो आणि खर्चही जास्त येतो. म्हणून प्रत्येकाला सरसकट सीटी करावा लागत नाही. २०१४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतल्या २,७५९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुतखड्याची शंका असताना आधी सोनोग्राफी केलेल्या रुग्णांमध्ये गंभीर गुंतागुंत वाढली नाही, असे त्यात दिसले. सोनोग्राफीपासून सुरुवात करून गरज पडेल तसे पुढे जाणे सुरक्षित आहे.

रिपोर्टमध्ये फक्त मिलिमीटर पाहू नका

रिपोर्ट हातात आला की बहुतेकांची नजर खड्याच्या आकारावर जाते. पण निर्णय चार गोष्टींवर ठरतो :

- आकार : ५ मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुतेक वेळा आपोआप पडतात. आकार वाढेल तशी ही शक्यता कमी होते.
- जागा : 'पीयूजे' म्हणजे मूत्रपिंड आणि मूत्रवाहिनी जिथे जुळतात ती जागा. 'व्हीयूजे' म्हणजे मूत्रवाहिनी मूत्राशयाला मिळते ती जागा. व्हीयूजेपर्यंत आलेला लहान खडा पडण्याची शक्यता चांगली असते.
- सूज : 'हायड्रोनेफ्रोसिस' म्हणजे लघवी तुंबल्यामुळे मूत्रपिंड फुगणे. 'माइल्ड' म्हणजे थोडे, 'सिव्हिअर' म्हणजे खूप.
- तुमची अवस्था : ताप, रक्ताच्या तपासणीतले क्रिएटिनिन, दुसरे मूत्रपिंड नीट काम करते की नाही.

मूत्रपिंडात शांत पडून असलेल्या मोठ्या खड्यापेक्षा मूत्रवाहिनीत अडकून लघवी अडवणारा लहान खडा जास्त धोक्याचा असू शकतो.

दुखणे थांबले म्हणजे खडा पडला असे नाही

या लेखातली सर्वात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. कळ येते ती मूत्रवाहिनी ताणली गेल्यामुळे. खडा तिथेच राहून काही दिवसांनी हा ताण कमी होऊ शकतो. रुग्णाला वाटते, खडा पडला. तो पेरणीच्या कामाला लागतो आणि फेरतपासणी राहून जाते. दरम्यान तुंबलेली लघवी मूत्रपिंडावर दाब देत राहते. काही महिने असेच गेले तर ते मूत्रपिंड कायमचे निकामी होऊ शकते आणि दुखत नसल्यामुळे कोणाला कळतही नाही.

मूत्रवाहिनीतला १० मिलिमीटरपर्यंतचा खडा, ताप नसेल आणि वेदना आटोक्यात असतील, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली साधारण चार ते सहा आठवडे वाट पाहता येते. त्यानंतर खडा पडलेला दिसला नसेल तर दुखत असो वा नसो, पुन्हा तपासणी करायलाच हवी. लघवी गाळणीतून किंवा स्वच्छ पातळ कापडातून करा. खडा मिळाला तर डबीत घालून दाखवायला आणा. त्याच्या तपासणीवरून पुढचा खडा कसा टाळायचा हे ठरवता येते.

लहरींनी खडा फुटतो कसा?

सोनोग्राफीतला आवाज सौम्य असतो, त्याने खडा फुटत नाही. खडा फोडण्यासाठी आघातलहरी म्हणजे शॉक वेव्ह वापरतात. दाबाची ही एकेक जोरदार लहर काही मायक्रोसेकंदच टिकते, पण खड्यापाशी एकवटल्यावर तिचा दाब हवेच्या दाबाच्या शेकडो पट होतो. वाटेतले मऊ भाग पाण्यासारखेच असल्यामुळे लहर त्यांच्यातून बरीचशी निघून जाते. कठीण खड्यात मात्र तिच्यामुळे ताण येऊन तडे जातात. खड्याभोवतीच्या द्रवात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात, तेही खडा झिजवतात.

जर्मनीतल्या म्युनिकमध्ये फेब्रुवारी १९८० मध्ये या पद्धतीने पहिल्या रुग्णावर उपचार झाले. ते यंत्र डॉर्नियर या विमाने बनवणाऱ्या कंपनीने तयार केले होते. तेव्हा रुग्णाला पाण्याच्या टबमध्ये बसवावे लागे, कारण पाण्यातून शरीरात शिरताना लहर वाया जात नाही. आता टबऐवजी पाण्याची उशी आणि तेच ओळखीचे जेल वापरतात.

या उपचाराला लिथोट्रिप्सी म्हणतात. रुग्ण टेबलावर झोपतो, वेदनाशामक इंजेक्शन किंवा हलकी भूल देतात. सोनोग्राफी किंवा क्ष-किरणांनी खड्यावर नेम धरून साधारण २,००० ते ३,००० आघात देतात. वेळ पाऊण ते एक तास लागतो. चिरफाड होत नाही आणि बरेच रुग्ण त्याच दिवशी घरी जातात. मूत्रपिंडाला थोडा मार बसू शकतो, म्हणून सुरुवात कमी जोराने करतात. आघात सावकाश, म्हणजे मिनिटाला साठच्या आसपास दिले तर खडाही चांगला फुटतो. यंत्र 'हळू चालते' म्हणून काळजी करू नका.

कोणाला उपयोग होतो, कोणाला नाही?

मूत्रपिंडातल्या २ सेंटिमीटरपेक्षा लहान खड्यांसाठी ही पद्धत उपयोगी आहे. खडा फार कठीण असेल, मूत्रपिंडाच्या खालच्या भागात असेल किंवा रुग्ण स्थूल असेल तर यश कमी मिळते. अशा वेळी लघवीच्या मार्गाने दुर्बीण घालून लेसरने खडा फोडणे, किंवा मोठ्या खड्यासाठी पाठीतून छोटे छिद्र पाडून तो काढणे जास्त योग्य ठरते.

पुढील परिस्थितीत लिथोट्रिप्सी करत नाहीत किंवा पुढे ढकलतात :

- गर्भारपण. पाळी चुकली असेल तर आधी सांगा.
- रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणे किंवा रक्तस्रावाचा आजार. हृदयाच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका.
- लघवीत उपचार न झालेला जंतुसंसर्ग.
- आटोक्यात नसलेला रक्तदाब.
- खड्याच्या खाली मूत्रमार्गात अडथळा असणे.

उपचारानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते आणि चुरा पडताना कळ येऊ शकते. चुरा पडायला काही आठवडे लागतात. कधी चुऱ्याची रांग मूत्रवाहिनीत अडकते, तर कधी खडा पूर्ण फुटत नाही आणि दुसऱ्यांदा आघात द्यावे लागतात. म्हणून फेरतपासणी हा उपचाराचाच भाग आहे. आत स्टेंट म्हणजे बारीक नळी टाकली असेल तर ती कधी काढायची ती तारीख लिहून घ्या. विसरलेल्या स्टेंटवरही खडे जमतात.

कुठे जावे?

सोनोग्राफी वर्ध्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय किंवा सावंगी मेघे येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय अशा ठिकाणी करता येते. खडा फोडायचा किंवा काढायचा असेल तर तिथल्या मूत्ररोगतज्ज्ञांची वेळ आणि उपलब्ध यंत्र आधी विचारा. शिधापत्रिका आणि आधार कार्ड सोबत ठेवा आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचा उपचार बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

थांबू नका, लगेच रुग्णालयात जा

- कळ आणि सोबत थंडी वाजून ताप
- लघवी अजिबात न होणे
- एकच मूत्रपिंड असताना कळ येणे
- गरोदरपणात कळ येणे
- सतत उलट्या, पाणीही न टिकणे

अडकलेल्या खड्यामागे जंतुसंसर्ग झाला तर तो काही तासांत रक्तात पसरू शकतो. अशा वेळी पहिले काम तुंबलेली लघवी मोकळी करण्याचे असते, खडा नंतर काढता येतो. पानफुटीचा रस, बीअर किंवा दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांवर रात्र काढू नका. पानफुटी किंवा बीअरने खडा पडतो याला भरवशाचा पुरावा नाही. पाणी कमी पडलेल्या शरीरात वारंवार घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात.

पुन्हा खडा होऊ नये म्हणून

दिवसभरात किमान अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्या. लघवीचा रंग फिकट राहिला पाहिजे. उन्हात काम असेल तर ठरावीक वेळाने पाणी घ्या, रात्री झोपण्यापूर्वीही प्या. लिंबू आणि संत्र्यातले सायट्रेट खडा बनण्यास अडथळा करते. लिंबूपाणी घ्या, पण त्यात मीठ-साखर कमी ठेवा. लोणचे, पापड आणि वरून घेतलेले मीठ कमी करा. दूध-दही बंद करू नका, कारण जेवणातले कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच अडवते. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार असेल तर किती पाणी प्यायचे हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

ही माहिती समजून घेण्यासाठी आहे. तुमच्या खड्याचा निर्णय तुम्हाला तपासणारे डॉक्टरच घेतील. त्यांच्याकडे जाताना जुने सगळे रिपोर्ट आणि फिल्म सोबत न्या.