एलईडी-नियंत्रण, संगणकाद्वारे
संगणकावरून आज्ञा देऊन एलईडी लावणे, विझवणे व त्याचा उजेड कमीजास्त करणे. इलेक्ट्रॉनिक्स शिकू लागलेल्याचा हा बहुधा पहिलाच प्रयोग असतो. सामान थोडे लागते, खर्च बेताचा असतो आणि चूक लगेच दिसते: दिवा लागतच नाही, किंवा एकदा भपकन लागून कायमचा जातो.

एलईडी हा डायोड आहे. तो विजेला एकाच दिशेने वाट देतो. लांब पाय धन बाजूचा, आखूड पाय ऋण बाजूचा. पाय कापलेले असतील तर टोपीची कड बोटाने चाचपावी. जिथे ती सपाट लागते ती ऋण बाजू. लाल एलईडीला सुमारे 2 व्होल्ट, निळ्या-पांढऱ्याला 3 च्या आसपास दाब लागतो. त्यापुढे दाब किंचित वाढला तरी प्रवाह झपाट्याने वाढतो, म्हणून एकसरीत रेझिस्टर हवाच. 5 व्होल्टवर लाल एलईडी आणि 220 ओहमचा रेझिस्टर (पट्टे लाल, लाल, तपकिरी) जोडला, तर रेझिस्टरवर 3 व्होल्ट पडतात आणि प्रवाह साडेतेरा मिलिअँपिअरच्या आसपास राहतो. नवख्यांची रेझिस्टर वगळण्याची सवय एक-दोन एलईडी जळाल्यावर आपोआप सुटते.

एकेकाळी हे काम थेट संगणकाच्या पाठीमागून होई. प्रिंटरसाठी दिलेल्या 25 पिनांच्या पॅरलल पोर्टात 2 ते 9 या पिना डेटाच्या व 18 ते 25 ग्राउंडच्या असत. प्रत्येक डेटा-पिनेला एक, असे आठ एलईडी जोडायचे आणि टर्बो सी मध्ये पोर्टच्या पत्त्यावर एक संख्या लिहायची. 255 लिहिले की आठही लागत. 85 लिहिले की एकाआड एक चार. द्विमान पद्धत समजावणारा याहून चांगला फळा नव्हता. पुढे विंडोजच्या एनटी घराण्याने सामान्य प्रोग्रॅमना पोर्टला थेट हात लावू देणे बंद केले आणि यूएसबी आल्यावर पोर्टच नाहीसा झाला.

यूएसबीच्या तारेतून एलईडीला हवी तेव्हा चालू-बंद होणारी वीज मिळत नाही, निरोप मिळतो. तो वाचायला मधे कुणीतरी लागते. इटलीतील इव्रेया येथे 2005 मध्ये जन्मलेला आर्डुइनो बोर्ड हा असा मध्यस्थ. मासिमो बान्झी व सहकाऱ्यांनी तो डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी केला. नाव तिथल्या एका बारवरून आले. 2010 मधल्या उनो या प्रकारात 14 डिजिटल पिना आहेत. 13 व्या पिनेला बोर्डवरच एक एलईडी जोडलेला असल्याने पहिली उघडझाप एकही तार न जोडता होते.

संगणकावरून आज्ञा द्यायची तर बोर्डावर सिरिअल निरोप वाचणारा प्रोग्रॅम चढवतात. ‘1’ आल्यास लाव, ‘0’ आल्यास विझव, इतके साधे. पण संगणक पाठवतो ते 1 हे अक्षर. बोर्डाच्या हाती त्याचा संकेतांक 49 पडतो. प्रोग्रॅममध्ये अवतरणचिन्हे विसरली की तुलना जुळत नाही. दुसरी खोच अधिक छळणारी: संगणकावरच्या पायथन प्रोग्रॅममधून सिरिअल पोर्ट उघडताच उनो नव्याने सुरू होतो, आणि त्या दीड-दोन सेकंदांत पाठवलेली आज्ञा हरवते. प्रोग्रॅम बरोबर, जोडणी बरोबर, दिवा मात्र ढिम्म. पोर्ट उघडून दोन सेकंद थांबले की झाले. आर्डुइनो सॉफ्टवेअरमधली सिरिअल मॉनिटर ही खिडकी उघडी राहिली असेल, तर पायथनला पोर्टच मिळत नाही.

उजेड मंद करण्यासाठी पिनेवरचा दाब कमी करत नाहीत. दिवा सेकंदाला सुमारे 490 वेळा उघडझाप करवून त्यातला ‘चालू’ वाटा 0 ते 255 मध्ये ठरवतात. डोळ्याला ती उघडझाप कळत नाही. या पीडब्ल्यूएम पद्धतीच्या पिना उनोवर सहाच आहेत.

एका पिनेतून 20 मिलिअँपिअरपर्यंतच प्रवाह घ्यावा. जास्त हवा असेल तर मधे ट्रान्झिस्टर घालतात; बीसी547 शंभरेक मिलिअँपिअर पेलतो. मखर किंवा आकाशकंदिलासाठी डब्ल्यूएस2812 ची पट्टी सोयीची: प्रत्येक दिव्यात चिप असल्याने एकाच डेटा-तारेवरून हरेक दिव्याचा रंग वेगळा ठेवता येतो. पूर्ण पांढऱ्या उजेडात एक दिवा 60 मिलिअँपिअरपर्यंत खातो, म्हणजे साठ दिव्यांना 3.6 अँपिअर, संगणकाच्या यूएसबीला हे झेपत नाही. वेगळा 5 व्होल्टचा पुरवठा लावावा आणि त्याचे ग्राउंड बोर्डाच्या ग्राउंडला जोडावे. ही एक तार राहिली की पट्टी मन मानेल तशी लुकलुकते.