धनगरी ओवी

धनगरी ओवी हा महाराष्ट्रातील धनगर समाजाचा पारंपरिक कथागायनाचा प्रकार आहे. दक्षिण महाराष्ट्र आणि लगतच्या कर्नाटकात तो विशेष रूढ असून कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातील पट्टण कोडोली हे गाव या परंपरेचे महत्त्वाचे केंद्र मानले जाते.

स्वरूप

ओवीत बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा, मायाक्का या दैवतांच्या आणि मेंढपाळांच्या भटकंतीच्या कथा येतात. मुख्य गायक ओळ उचलतो व साथीदार ती झेलून पुढे नेतात. गायिलेला कथाभाग नंतर गद्यात उलगडून सांगतात; त्यास 'सपादनी' म्हणतात. या कथा प्रामुख्याने मौखिक परंपरेने टिकल्या असून पूर्ण कथा सांगण्यास रात्रही अपुरी पडते.

वाद्ये व नृत्य

ढोल आणि कैताळ (मोठी झांज) ही प्रमुख वाद्ये होत. ढोलाच्या ठेक्यावर फेटे बांधलेले पुरुष हाती रंगीत रुमाल घेऊन गजनृत्य करतात. आरंभी संथ असणारी लय क्रमाने वाढत जाते.

पट्टण कोडोलीची यात्रा

दसऱ्यानंतर आश्विन महिन्यात येथे विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. महाराष्ट्राबरोबरच कर्नाटक व अन्य राज्यांतूनही भाविक ढोल घेऊन येतात. सोलापूर जिल्ह्यातील अंजनगावाहून पायी येणारे फरांडे बाबा तलवार घेऊन हेडाम खेळतात आणि पाऊसपाणी, पिके यांविषयी भाकणूक सांगतात. त्या वेळी भंडारा, खारीक, खोबरे व लोकर यांची उधळण होते.

आधुनिक रूप

ध्वनिक्षेपक, रंगमंच व चित्रफिती यांमुळे ही कला धनगरवाड्याबाहेरच्या श्रोत्यांपर्यंत पोहोचली. मिरवणुका आणि लोकनृत्याच्या कार्यक्रमांत तरुणांची पथके जलद लयीत ढोल व गजनृत्य सादर करतात. मात्र रंगमंचावर मिळणारा वेळ काही मिनिटांचाच असल्याने ठेका व नृत्य पुढे येते, तर दीर्घ कथा आणि सपादनी मागे पडते. ढोल ऐकून शिकता येतो. कथा आत्मसात करण्यास मात्र जाणत्या गायकाचा दीर्घ सहवास लागतो. म्हणून वाद्यपथके वाढली तरी ओवी टिकेलच, असे नाही.

अभ्यास

हायडेलबर्ग विद्यापीठातील जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर (१९३४–१९९२) यांनी धनगरांमध्ये वावरून ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांवरील त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ मध्ये, तर त्याचे इंग्रजी भाषांतर १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या लेखनामुळे धनगरी ओवी ही केवळ करमणूक नसून पशुपालक समाजाचा इतिहास, भूगोल व श्रद्धा जपणारे मौखिक वाङ्मय आहे, ही बाब अभ्यासकांसमोर आली.