खेळाडू कोणाच्या मालकीचा?



कामगार चळवळीतल्या माणसाने बेसबॉलवर बोलावे, ह्याचे आपल्याला नवल वाटले असेल. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटापाशी झाले. अमेरिकेतल्या पोलाद कामगारांच्या संघटनेविषयी वाचताना मार्विन मिलर हे नाव भेटले आणि त्याच्या मागोमाग मी बेसबॉलच्या मैदानावर पोहोचलो.

आधी खेळ समजून घेऊ. दोन्ही बाजूंना नऊ-नऊ खेळाडू आणि नऊ-नऊ डाव. तीन गडी बाद झाले की डाव संपला. चेंडू टप्पा न पडता येतो, बॅट गोल असते. आपला फलंदाज चेंडू हलकेच मागे वळवतो तेव्हा टाळ्या पडतात. तिथे मागे गेलेला चेंडू फाउल. समोरच्या काटकोनात चेंडू मारला की धावलेच पाहिजे. चार तळांची फेरी पुरी झाली की एक धाव. आणखी एक गंमत अशी की, प्रेक्षकांत आलेला चेंडू आपल्याकडे परत द्यावा लागतो. तिथे तो ज्याच्या हाती येईल त्याचा. सातव्या डावाच्या मध्यावर सारे प्रेक्षक उभे राहून एकसुरात गातात. असा हा लोकांचा खेळ.

चेंडू प्रेक्षकाचा, पण खेळाडू मात्र मालकाचा! १८७९ साली संघमालकांनी आपसांत ठरवले की, एकाने राखून ठेवलेला खेळाडू दुसऱ्याने घ्यायचा नाही. सुरुवातीला प्रत्येकाने पाच राखले. पुढे जवळजवळ सगळेच. करार संपला तरी खेळाडू सुटत नसे. मालक त्याला विकू शके. जॉन वॉर्ड ह्या खेळाडूने १८८५ साली संघटना काढली, १८९० साली खेळाडूंची स्वतंत्र लीगही उभी केली. ती एका हंगामात मोडली. १९२२ साली सर्वोच्च न्यायालयाने, बेसबॉल हा आंतरराज्य व्यापार नव्हे, म्हणून मक्तेदारीविरोधी कायदा त्याला लागू नाही, असा निवाडा दिला. काळ्या खेळाडूंना तर आधुनिक काळात ह्या लीगचे दार १९४७ साली जॅकी रॉबिन्सनपासून उघडले.

पोलाद कामगारांचा अर्थतज्ज्ञ मिलर १९६६ साली खेळाडूंच्या संघटनेचा प्रमुख झाला. १९६८ च्या पहिल्या सामुदायिक कराराने किमान वेतन ६,००० डॉलरांवरून १०,००० वर गेले.

१९६९ साली सेंट लुइस संघाने कर्ट फ्लडला, बारा हंगामांच्या सेवेनंतर, न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकले. त्याने जाण्यास नकार दिला. लोक म्हणाले, वर्षाला नव्वद हजार डॉलर घेणारा कसला गुलाम? फ्लडचे म्हणणे एवढेच की, पगार वाढल्याने गुलामी सरत नाही. खटला हरशील, खेळही जाईल, असे मिलरने त्याला आधीच बजावले होते. तरी संघटना पाठीशी उभी राहिली. साक्षीला म्हातारा होत चाललेला रॉबिन्सन आला. पण खेळत असलेला एकही खेळाडू आला नाही. कामगार न्यायालयाच्या बाकावर एकटा बसलेला फिर्यादी मी पाहिला आहे. सोबत्यांना त्या दिवशी नेमकी पाळी असते. १९७२ साली फ्लड पाच विरुद्ध तीन मतांनी हरला. त्याचा खेळ तर १९७१ मध्येच संपला होता.

पण त्याच १९७२ साली खेळाडूंनी संप केला आणि ८६ सामने बुडाले. करारात मिळवलेल्या लवादाच्या कलमाने डिसेंबर १९७५ मध्ये मेसरस्मिथ आणि मॅकनॅली हे दोघे मोकळे झाले. पुढच्या वर्षी सहा वर्षे सेवा झालेल्या खेळाडूला संघ निवडण्याचा हक्क करारानेच मिळाला. न्यायालयाने जे नाकारले ते संघटनेने मिळवले.

प्रेक्षक मात्र दर वेळी खेळाडूंबरोबर होते असे नाही. १९९४ च्या संपात अजिंक्यपदाची मालिकाच रद्द झाली, तेव्हा लोक दोन्ही बाजूंवर चिडले. चाहत्याला सामना हवा असतो, संप नको असतो. गिऱ्हाइकाचेही तसेच असते.

आपण क्रिकेटवेडे २००८ पासून दरसाल खेळाडूंचा लिलाव कौतुकाने पाहतो. २०१९ साली भारतीय क्रिकेटपटूंची संघटना निघाली, पण ती निवृत्तांसाठी. बोली कितीही चढो, खेळाडूच्या हातात काय उरते, हा फ्लडचा प्रश्न आपणही विचारावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.