वक्त्याचा आवाज आणि शेवटची रांग

मराठी ग्रंथालयांच्या वाटचालीत ग्रंथसंग्रहाच्या बरोबरीने व्याख्यानांना मानाचे स्थान लाभले आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा उपक्रम सुरू झाला, तेव्हा सभेसाठी ध्वनिक्षेपक किंवा ध्वनिवर्धक नव्हते. वक्त्याचा कमावलेला कंठ आणि श्रोत्यांची शांतता एवढ्याच भांडवलावर सभा चालत असे. ज्यांचा आवाज क्षीण त्यांची विद्वत्ता पहिल्या चार रांगांपुरती उरे.

या भांडवलाची मर्यादा सचिनच्या वाचकांना परिचित असलेल्या सुरत शहरातच प्रकर्षाने दिसून आली. १९०७ च्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे अधिवेशन नागपूरऐवजी सुरतेस भरले. पुण्या-मुंबईच्या प्रतिनिधींना घेऊन जाणाऱ्या आगगाड्या सचिनवरूनच पुढे गेल्या. २६ डिसेंबरला सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांच्यासारखा भारदस्त आवाजाचा वक्ता बोलावयास उभा राहिला. परंतु मंडपातील गलक्यापुढे त्यांचेही काही चालले नाही व बैठक तहकूब करावी लागली. दुसऱ्या दिवशी लोकमान्य टिळक व्यासपीठावर उभे राहिले आणि पुढे जोडा फेकला जाण्यापर्यंत प्रकरण गेले. ती फूट मतभेदांची होती. ती कोणत्याही यंत्राने टळली नसती. मात्र हजारोंच्या सभेत एकट्या मानवी कंठाचे बळ किती, हे तेथे उघड झाले.

यानंतर आठच वर्षांनी, १९१५ साली, अमेरिकेत जेन्सन व प्रिडहॅम या जोडीने मॅग्नाव्हॉक्स नावाच्या ध्वनिवर्धकाचे सान फ्रान्सिस्को येथे जाहीर प्रात्यक्षिक दाखविले. १९१९ मध्ये सॅन दिएगो येथे अध्यक्ष विल्सन यांचे भाषण सुमारे ५०,००० लोकांपर्यंत याच साधनाने पोहोचले. आपल्याकडे नानिक मोटवाने यांच्या ‘शिकागो रेडिओ’ने १९३१ च्या कराची अधिवेशनात ध्वनिवर्धकाची व्यवस्था केली. गांधीजी, नेहरू यांच्या जुन्या छायाचित्रांत समोरच्या ध्वनिक्षेपकावर हे नाव आजही वाचता येते. १९३८ साली सुरत जिल्ह्यातील हरिपुरा येथे सुभाषचंद्र बोस अध्यक्षपदी असताना अधिवेशन भरले, तोवर कर्णे ही मोठ्या सभांची नित्याची सामग्री झाली होती. सुरत ते हरिपुरा या ३१ वर्षांत सभेचे शास्त्रच पालटले.

नव्या साधनाबरोबर नवा दोषही आला. ‘माईक शिटी मारतो’ असे आपण ज्याला म्हणतो, त्याचा अभ्यास डेन्मार्कचे शास्त्रज्ञ सोरेन लार्सन यांनी केला. कर्ण्यातून निघालेला आवाज पुन्हा ध्वनिक्षेपकात शिरतो, वाढून पुन्हा कर्ण्यातून बाहेर पडतो, आणि हे चक्र थांबेनासे झाले की कर्कश नाद उठतो. म्हणून कर्णे वक्त्याच्या पुढे व श्रोत्यांकडे तोंड करून असावेत, हा पहिला नियम होय. १९३९ साली शुअर कंपनीच्या बेंजामिन बाउअर यांनी ‘युनिडाइन’ हा मुख्यतः समोरचा आवाज टिपणारा ध्वनिक्षेपक सिद्ध केला, त्यामुळे मागून येणाऱ्या आवाजाचा उपद्रव पुष्कळ कमी झाला.

तथापि यंत्र कितीही चांगले असले तरी अंतराचे गणित चुकत नाही. तोंड व ध्वनिक्षेपक यांतील अंतर १५ सेंटिमीटरवरून ३० झाले की थेट आवाजाचा दाब निम्म्यावर येतो, म्हणजे ६ डेसिबल घटतो. मग चालक आवाज वाढवितो. त्याबरोबर सभागृहाचा घुमाराही वाढतो आणि शिटीची वेळ जवळ येते. वक्त्यापुढील मेजावर दोन ध्वनिक्षेपक एकाच वेळी चालू ठेवण्याची हौसही घातक असते. एकच शब्द दोहोंकडे किंचित निरनिराळ्या वेळी पोहोचतो, काही स्वर परस्परांना मारतात व आवाज पोकळ होतो. दुसरा हवा असल्यास तो राखीव म्हणून बंद ठेवावा.

आपल्या भाषेपुरती आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. फ, भ या महाप्राण ओष्ठ्य वर्णांचा उच्चार होताना श्वासाचा झोत सुटतो व ध्वनिक्षेपकात ‘धप्प’ असा आवाज उमटतो. यासाठी तो ओठांच्या अगदी समोर न ठेवता थोडा खाली वा बाजूला वळवून हनुवटीच्या उंचीवर ठेवावा आणि त्यावर स्पंजची टोपी चढवावी. सुमारे १०० हर्ट्‌झच्या खालचे स्वर छाटले की मेजावरील हाताची थाप व पंख्याची घरघरही बरीच कमी होते. पाने उलटताना मेजावर कापड अंथरले तर खडखड होत नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मोठा आवाज व स्पष्ट आवाज या भिन्न गोष्टी आहेत. स्वरांत बळ असते, परंतु शब्दाचा अर्थ ठरविणारी व्यंजने, विशेषतः स, श, त यांसारखी, दुबळी असतात. घुमारा वाढला की स्वर एकमेकांत मिसळतात आणि ही व्यंजने बुडून जातात. वयोवृद्ध सभासदांच्या ‘ऐकू येते, पण कळत नाही’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथेच असते. त्यावर आवाज चढविणे हा उपाय नव्हे. वक्त्याने ध्वनिक्षेपकाजवळ, स्थिर व सावकाश बोलावे, हाच आहे.

सभेपूर्वी कार्यकर्त्यांपैकी एकाने व्यासपीठावरून चार वाक्ये बोलावीत आणि दुसऱ्याने शेवटच्या रांगेत बसून ती ऐकावीत, एवढा परिपाठ ठेवला तरी पुष्कळ साधेल. उशिरा येऊन मागच्या खुर्चीवर बसणारा श्रोताही पहिल्या रांगेइतकाच सभेचा मानकरी आहे.