नगरचे देशी आणि परदेशी

‘परका कोण?’ हा प्रश्न राज्यकर्त्यांपुढें आजच उभा राहिला आहे असें नाहीं. अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, निजामशाहींत तो एकदां तरवारीनें सोडविण्यांत आला. ती हकीकत आजही विचार करण्याजोगी आहे, असें आम्हांस वाटतें.

इराणांत शहा इस्माइलाची इतराजी झाल्यामुळें शहा ताहिर हा विद्वान् गृहस्थ देश सोडून निघाला व १५२० सालीं गोव्यास उतरला. विजापूरच्या दरबारानें त्याची वास्तपुस्त केली नाहीं. पुढें परांड्यावरून तो १५२२ त नगरास आला. बुऱ्हाण निजामशहानें त्यास आश्रय दिला, इतकेंच नव्हे, तर आपला सल्लागार केलें. १५३७ मध्यें बुऱ्हाणशहानें शिया पंथ स्वीकारला, तो या निर्वासिताच्याच उपदेशानें.

परंतु दरबारांत दक्षिणी व परदेशी असे दोन पक्ष पडले होते. गंमत अशी कीं, समुद्रापलीकडून आलेले हबशी बहुधा दक्षिणी पक्षांत मोडत. इराणी मात्र परदेशी ठरत. म्हणजे ही सीमा जन्मभूमीची नसून सत्तेच्या वांटणीची होती.

१५८९ सालीं परदेशी पक्षाचा पुढारी मिर्झाखान यानें सुलतान मिरान हुसेन यास ठार मारविलें. तेव्हां जमालखानाच्या नेतृत्वाखालीं दक्षिणी पक्ष किल्ल्यांत घुसला, आणि एकाच्या अपराधाचें प्रायश्चित्त साऱ्या परदेशीयांस भोगावें लागलें. कटांत ज्यांचा हात नव्हता, तेही कापले गेले. त्यांतून वांचलेला फिरिश्ता विजापुरास गेला व तेथें त्यानें आपला प्रसिद्ध इतिहास लिहिला. त्याची साक्ष एका पक्षाची आहे, हें आपण विसरतां कामा नये; तथापि जो ग्रंथकार नगरास लाभला असता, तो विजापुरास लाभला, हें खरेंच.

परके गेल्यानें राज्यांत ऐक्य मात्र झालें नाहीं. दक्षिणी पक्षाच्याच मिया मंजूनें १५९५ त मोगलांस बोलाविलें, आणि १६०० सालीं किल्ला पडला. पुढें १६२६ पर्यंत उरलेलें राज्य ज्यानें सांवरलें, तो मलिक अंबर आफ्रिकेंत जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी होता. त्यास परका म्हणून वेशीवरूनच परत लाविलें असतें, तर निजामशाहीचीं तीं पंचवीस वर्षें इतिहासांत उरलीं असतीं काय?