शिवजन्माचे पाच उच्च ग्रह

इगतपुरी तालुक्यातल्या सर्वतीर्थ टाकेदला लोक जटायूच्या ओढीने येतात. रावणाशी झुंजून घायाळ पडलेल्या जटायूला रामाने इथेच पाणी पाजले, अशी श्रद्धा आहे. टाकेदहून पुढे जाणारी एक वाट पट्टा किल्ल्याच्या पायथ्याला लागते. जालन्याच्या स्वारीहून परतताना १६७९ च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराज या गडावर विसावले आणि पट्ट्याचा विश्रामगड झाला. राम आणि महाराज या भूमीत असे शेजारी आले आहेत. जुन्या ग्रंथांतही त्यांना जोडणारे एक विधान आहे: दोघांच्याही जन्मवेळी पाच ग्रह उच्चीचे होते. रामाविषयी ते वाल्मीकी रामायणाच्या बालकांडात येते, महाराजांविषयी शिवभारताच्या सहाव्या अध्यायात.

रामजन्माची वेळ पडताळायला समकालीन कागद नाही. शिवजन्मासाठी असे कागद आहेत. म्हणून ते विधान कागदांवर घासून पाहणे शक्य आहे.

शिवभारत हे महाराजांच्या हयातीत रचलेले संस्कृत काव्य. कवी कवींद्र परमानंद नेवाशाचे. काव्य अपुरे राहिले, आणि त्याची प्रत सदाशिव महादेव दिवेकरांना तंजावरात सापडली. भारत इतिहास संशोधक मंडळाने ते १९२७ मध्ये मराठी भाषांतरासह छापले. परमानंदांनी दिलेला काळ असा: शके १५५१, शुक्ल संवत्सर, उत्तरायण, शिशिर ऋतू, फाल्गुन वद्य तृतीया, रात्रीची वेळ, शुभ लग्न. लगेच पुढच्या श्लोकात ते म्हणतात की अनुकूल आणि उच्च स्थानी असलेले पाच ग्रह या बालकाचे साम्राज्यवैभव सुचवत होते. कोणते पाच, ते मात्र सांगत नाहीत.

दुसरा कागद जेधे शकावली. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातली ही नोंद लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात काव्य नाही. तिथी तीच, वार शुक्रवार, नक्षत्र हस्त १८ घटी ३१ पळे, आणि जन्म शिवनेरीवर. ग्रहांच्या बलाबलाविषयी एक अक्षरही नाही.

तिसरा कागद जोधपूरचा. तिथल्या मिठालाल व्यास यांच्या संग्रहात राजेरजवाड्यांच्या कुंडल्या होत्या, त्यांत महाराजांची निघाली. संवत १६८६, फागुण वदि ३, शुक्रवार, सूर्योदयापासून ३० घटी ९ पळे. रवी १०।२३, लग्न ४।२९. म्हणजे दहा राशी ओलांडून रवी कुंभेच्या २३ अंशांवर, आणि चार राशी ओलांडून लग्न सिंहेच्या २९ अंशांवर.

या जोधपुरी नोंदीपाशी थोडे थांबले पाहिजे, कारण ती स्वतःची साक्ष स्वतःच देते. मारवाडात महिना पौर्णिमेला संपतो. आपली फाल्गुन वद्य तृतीया तिकडे चैत्र वदि तृतीया होते. तिकडच्या रीतीने खरोखर फागुण वदि तृतीया असती, तर रवी महिनाभर मागे, मकरेत असता. नोंदीत तो कुंभेच्या २३ अंशांवर आहे. म्हणजे महिन्याचे नाव दख्खनच्या रीतीने लिहिलेले आहे, आणि मूळ माहिती आपल्याकडूनच तिकडे गेली असावी असे मला वाटते. दुसरी गोष्ट वेळेची. त्या सुमारास दिवस तीस घटींपेक्षा किंचित लहान असतो, म्हणून ३० घटी ९ पळे म्हणजे सूर्यास्त नुकताच झालेला. मावळत्या रवीच्या बरोबर समोरचा बिंदू पूर्वेला उगवत असतो. रवी कुंभेच्या २३ वर, तर सूर्यास्ताला लग्न सिंहेच्या २३ वर, आणि त्यानंतर काही मिनिटांनी २९ च्या आसपास. नोंदीतले आकडे एकमेकांना धरून आहेत. परमानंदांची ‘रात्र’ही यात बसते.

जेध्यांची नोंदही गणिताला उतरते. तेव्हाच्या इंग्रजी गणनेने हा दिवस १९ फेब्रुवारी १६३०. आजच्या ग्रेगोरियन पद्धतीने तो १ मार्च होतो, आणि वार शुक्रवारच येतो. हस्त नक्षत्र त्या दिवशी दुपारच्या सुमारास संपले. १८ घटी ३१ पळे म्हणजे सूर्योदयानंतर सुमारे सात तास चोवीस मिनिटे, तीही दुपारच. तीन ठिकाणचे तीन कागद एका दिवसावर येतात. म्हणूनच बखरींतून चालत आलेली वैशाख शुद्ध २, शके १५४९ ही तिथी मागे पडली, आणि २००१ पासून राज्य शासनाची शिवजयंती १९ फेब्रुवारीला होते.

आता ते पाच ग्रह. वराहमिहिराच्या बृहज्जातकात सात ग्रहांच्या उच्च राशी आणि परमोच्च अंश दिले आहेत. रवी मेषेत १० अंशांवर, चंद्र वृषभेत ३, मंगळ मकरेत २८, बुध कन्येत १५, गुरू कर्केत ५, शुक्र मीनेत २७, शनी तुळेत २०. प्रत्येकाची सातवी रास ही त्याची नीच रास. ग्रीक फलज्योतिषातही याच राशी आहेत, काही अंशसुद्धा तेच. हे कोष्टक परमानंदांच्या काळातल्या प्रत्येक जोशाला पाठ असणार.

फाल्गुन वद्य तृतीयेला रवी कुंभेत किंवा मीनेत असतो. मेष रास त्याला अजून लांब असते, म्हणून उच्च रवी बाद. बुध रवीपासून २८ अंशांहून दूर जात नाही. रवी कुंभ-मीनेत असताना बुध कन्येत असणे शक्यच नाही, म्हणून उच्च बुधही बाद. वद्य तृतीयेचा चंद्र पौर्णिमेच्या जागेपासून जेमतेम पुढे सरकलेला, म्हणजे कन्येत किंवा तुळेत. वृषभ पार दुसरीकडे. चंद्रही गेला. उरले मंगळ, गुरू, शुक्र आणि शनी, फक्त चार. म्हणजे परमानंदांनी स्वतः दिलेल्या तिथीला सात ग्रहांपैकी पाच उच्चीचे होऊच शकत नाहीत, १६३० मध्ये नाही आणि कोणत्याच वर्षी नाही. यासाठी पंचांगही उघडावे लागत नाही.

प्रत्यक्ष त्या संध्याकाळी काय होते? चित्रापक्षीय अयनांश धरून मांडले तर शनी तुळेच्या १५ अंशांच्या आसपास येतो. तो निःसंशय उच्चीचा. बाकी कोणी नाही. गुरू कुंभेत, मंगळ मिथुनेत, चंद्र कन्येच्या शेवटच्या अंशांत. शुक्र मीन ओलांडून मेषेत आठ अंशांवर गेलेला. काही दिवस आधी तो उच्चीचा होता, त्या दिवशी नव्हता. आणि बुध मीनेत, म्हणजे आपल्या नीच राशीत. राहू-केतूंच्या उच्च राशी वराहमिहिराने दिलेल्या नाहीत, आणि नंतरच्या ग्रंथकारांत त्यांविषयी एकमत नाही. त्यांना सोयीने उच्च धरले तरी बेरीज तीनच होते.

बुध नीचीचा, हे ऐकून कुणाला धक्का बसेल, म्हणून त्याचा एक स्वतंत्र पुरावा देतो. ७ नोव्हेंबर १६३१ रोजी पॅरिसमध्ये प्येर गासेंदीने बुध सूर्यबिंबावरून सरकताना पाहिला. असे अधिक्रमण नोंदवले गेल्याची ती पहिलीच वेळ. १ मार्च १६३० पासून त्या दिवसापर्यंत ६१६ दिवस होतात. बुधाची सूर्याभोवतीची फेरी जवळजवळ ८८ दिवसांची, आणि सात फेऱ्यांचे ६१६ दिवस. म्हणजे शिवजन्माच्या दिवशी बुध आपल्या कक्षेत नेमका त्याच जागी होता, जिथे तो पुढे गासेंदीला दिसला. त्या जागेवरून पृथ्वीकडून पाहता तो रवीच्या सुमारे १४ अंश पुढे पडतो. रवी कुंभेच्या २२-२३ वर, त्याच्या १४ अंश पुढे मीन. शिवनेरीवर त्या दिवशी सूर्य मावळल्यावर पश्चिमेला खाली बुध आणि त्याच्या बऱ्याच वर शुक्र असणार.

मग परमानंदांनी ‘पाच’ कुठून आणले? माझ्या मते कालिदासाकडून. रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गात रघूचा जन्म आहे, आणि तिथेही उच्च स्थानचे पाच ग्रह त्या बालकाचे भावी भाग्य सुचवतात. शिवभारतातल्या श्लोकाची घडण तीच आहे: पाच ग्रह, त्यांचे उच्च स्थान, आणि त्यांनी सुचवलेले वैभव. कालिदासापुढे रामायण होते, परमानंदांपुढे दोन्ही. रामाच्या बाबतीत टीकाकार रवी, मंगळ, गुरू, शुक्र, शनी हे पाच सांगतात, आणि चैत्र नवमीला रवी मेषेत असू शकत असल्याने ते निदान शक्य कोटीतले आहे. फाल्गुनात ती सोय नाही. परमानंदांनी तिथी ऐकलेली, खात्रीची लिहिली. ग्रह मात्र महाकाव्याच्या परंपरेतून घेतले. रघुकुळातल्या राजाला जे विशेषण मिळाले ते आपल्या राजाला द्यावे, हा त्यामागचा भाव आहे. तो मला खोटेपणा वाटत नाही. आपला राजा त्या मापाचा आहे, हे सांगण्याची संस्कृत कवीची ती रीत होती. चूक होते ती आपण ते वाक्य खगोलाची नोंद म्हणून वाचतो तेव्हा.

ग्रहांच्या उच्चपणावरून तिथी ठरवायची असती, तर टाकून दिलेली शके १५४९ ची तिथीच जड ठरली असती. त्या वैशाख शुद्ध द्वितीयेला रवी मेषेत, परमोच्चाच्या दोन-तीन अंशांच्या आत होता. राजयोग शोधणाऱ्याला याहून काय हवे? पण इतिहासकारांनी वार, नक्षत्र, घटी आणि एकमेकांशी जुळणारे कागद पाहिले, आणि उच्च रवी सोडून दिला. मला हा मराठी इतिहाससंशोधनातला मोठ्या शिस्तीचा निर्णय वाटतो.

फलज्योतिष मानणाऱ्यांचीही यात अडचण नाही. त्यांच्या शास्त्रात नीचभंग आहे. बुधाच्या राशीचा स्वामी गुरू कुंभेत, सिंह लग्नापासून सातव्या म्हणजे केंद्रस्थानी आहे, आणि त्या नियमाने बुधाचे नीचत्व भंग पावते. त्यांनी तसे खुशाल सांगावे. पण कुंडली आधी खरी मांडावी. शिवजयंतीच्या विशेषांकात किंवा फलकावर महाराजांची कुंडली छापणाऱ्यांना माझी हीच विनंती आहे: शनीखेरीज कुणाला उच्चीचा करू नका, शुक्राला मेषेतून मागे ओढू नका, आणि बुध मीनेत आहे तो मीनेतच राहू द्या.