चेलोची जागा: अब्दुल वदूद आणि अवाँ-गार्द जॅझचा इतिहास

कोणत्याही कलेचा इतिहास लिहिताना इतिहासकार काही एकके गृहीत धरतो आणि पुढे ती एककेच इतिहास ठरवू लागतात. वाङ्मयेतिहासाला ग्रंथकार, कालखंड आणि प्रवृत्ती यांवाचून चालत नाही, तसे जॅझच्या इतिहासाला ‘प्रमुख वादक’ आणि त्याच्या नावावर निघालेली ध्वनिमुद्रिका यांवाचून चाललेले नाही. आर्मस्ट्राँग, पार्कर, कोल्ट्रेन, ऑर्नेट कोलमन अशी जी मालिका सर्वत्र सांगितली जाते तीत सुषिर वाद्यांचे वर्चस्व आहे, हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही. ज्याचा स्वर पुढे असतो त्याचे नाव तबकडीच्या वेष्टनावर येते आणि ज्याचे नाव वेष्टनावर येते त्याच्यावर प्रकरण लिहिले जाते. दोन वादकांच्या मधल्या जागेत जे घडते त्याला या मांडणीत स्थान राहात नाही. अब्दुल वदूद (1947–2022) या चेलोवादकाचे जवळजवळ सर्व कर्तृत्व अशा मधल्या जागेतले आहे.

त्यांना ‘उपेक्षित’ म्हणण्याचा प्रघात अलीकडे पडला आहे. हा शब्द जपून वापरावयास हवा. ज्युलियस हेम्फिल, आर्थर ब्लाइद, लीरॉय जेंकिन्स, अँथनी डेव्हिस, जॉर्ज लुइस, मुहाल रिचर्ड एब्रॅम्स यांसारख्या रचनाकारांनी ज्यांना पुनःपुन्हा बोलावले, त्यांची समव्यवसायी वर्तुळात उपेक्षा झाली असे म्हणता येत नाही. उपेक्षा झाली ती इतिहासलेखनात. शिवाय उपेक्षा हे काही कलामूल्य नव्हे. विस्मृतीतल्या कलावंताविषयी वाटणारी सहानुभूती त्याच्या कलेच्या आस्वादाची जागा घेऊ लागली म्हणजे समीक्षा संपून श्राद्धकर्म सुरू होते. तेव्हा प्रश्न असा विचारावयास हवा की, वदूद यांच्या वादनाने जॅझच्या रचनातत्त्वात नेमका कोणता बदल घडविला?

जॅझमध्ये चेलो त्यांच्या आधी नव्हता असे नाही. मात्र तो बहुधा पाहुणा म्हणून येत असे. बासवादक ऑस्कर पेटिफर्ड यांचा हात 1949 मध्ये बेसबॉल खेळताना मोडला आणि त्या सक्तीच्या विश्रांतीत त्यांनी चेलो हाती घेतला. पण तो बासप्रमाणे चौथ्याच्या अंतराने जुळवून आणि बोटांनी छेडून. म्हणजे तो लहान आकाराचा बासच झाला. चिको हॅमिल्टन यांच्या 1955 च्या पंचकात फ्रेड कॅट्झ यांनी गजाने वाजविलेला चेलो आणला. त्यामुळे त्या संगीताला पाश्चात्त्य अभिजात कक्षसंगीताची छटा आली, आणि वाद्याची प्रतिमा तेथेच स्थिरावली. एरिक डॉल्फी यांच्या 1960 च्या ‘आउट देअर’मध्ये रॉन कार्टर चेलो वाजवितात, अल्बर्ट आयलर यांच्या 1966–67 च्या समूहात जोएल फ्रीडमन आहेत. एकंदरीत चेलोपुढे दोनच भूमिका होत्या: बासची नक्कल किंवा अभिजाततेची खूण.

या दुसऱ्या भूमिकेमागे एक सामाजिक वास्तव आहे. रॉन कार्टर मुळात चेलोचेच विद्यार्थी होते. कृष्णवर्णीय वादकाला सिंफनी वाद्यवृंदात प्रवेश मिळणे दुरापास्त आहे हे दिसून आल्याने ते बासकडे आणि मग जॅझकडे वळले. 1969 मध्ये बासवादक आर्ट डेव्हिस आणि चेलोवादक अर्ल मॅडिसन यांनी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकविरुद्ध वर्णभेदाची तक्रार त्या शहराच्या मानवी हक्क आयोगाकडे नेली. 1970 च्या निर्णयात या दोघांना कायम जागा नाकारताना भेदभाव झाला हे मान्य झाले नाही. मात्र बदली वादक नेमण्याच्या पद्धतीत तो आढळल्याचे आयोगाने म्हटले. चेलो हे वाद्य एखाद्या कृष्णवर्णीय तरुणाच्या हातात असणे हेच त्या काळी एक विधान होते. वदूद यांची घडण याच वर्षांतली आहे.

ओहायो राज्यातील क्लीव्हलंड येथे 30 एप्रिल 1947 रोजी जन्मलेले रोनाल्ड डीव्हॉन पुढे इस्लाम स्वीकारून अब्दुल वदूद झाले. आयलर यांचेही गाव हेच. अल्टो सॅक्सोफोनवादक युसूफ मुमिन आणि ढोलवादक हसन शाहिद यांच्यासमवेत त्यांनी ‘ब्लॅक युनिटी ट्रायो’ हे त्रिकूट केले आणि 1969 मध्ये ‘अल-फातिहा’ ही तबकडी त्या त्रिकुटाने स्वतःच प्रसिद्ध केली. कुराणाच्या पहिल्या सूऱ्याचे नाव घेतलेल्या या ध्वनिमुद्रिकेत आयलरोत्तर उद्रेकाचे सारे गुणदोष आढळतात. तीत चेलो अद्याप आपली जागा शोधतो आहे. बराच वेळ तो सॅक्सोफोनशी गजाने झुंजतो आणि झुंजीत आवाजाने कमी पडतो. तरी या तबकडीचा उल्लेख टाळता येत नाही, कारण ज्या तरुणाने ती केली तो त्याच सुमारास यंग्सटाउन आणि ओबर्लिन येथे अभिजात शिक्षणही घेत होता. 1972 मध्ये त्याने न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या स्टोनी ब्रुक शाखेतून पदव्युत्तर पदवी मिळविली. या दोन वाटा परस्परविरोधी आहेत असे त्याला वाटले नसावे.

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत सेंट लुइस येथे हेम्फिल यांची ‘डोगॉन ए.डी.’ ध्वनिमुद्रित झाली. हेम्फिल (1938–1995) टेक्ससमधील फोर्ट वर्थचे. सेंट लुइसमधील ‘ब्लॅक आर्टिस्ट्स ग्रुप’ या संघटनेतील ते एक प्रमुख कलावंत होते. 1968 मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेत संगीत, नाट्य, नृत्य, काव्य यांचा एकत्र विचार होई. (मराठी समीक्षेला कृष्णवर्णीय अमेरिकन साहित्याचा परिचय प्रामुख्याने दलित साहित्याच्या चर्चेतून झाला, आणि दलित पँथरची स्थापनाही 1972 चीच. मात्र त्या परिचयात साहित्य आले, संगीत फारसे आले नाही. ‘ब्लूज पीपल’ हा ग्रंथ 1963 मध्येच लिहिणाऱ्या अमीरी बराका यांच्या दृष्टीने हे दोन विषय वेगळे नव्हते.) ‘ए.डी.’ ही अक्षरे इसवी सनाची नव्हेत. ती ‘रूपांतरित नृत्य’ या अर्थाची आहेत. माली देशातील डोगॉन लोकांनी पर्यटकांसाठी आपल्या विधिनृत्यांत फेरफार केल्याचे हेम्फिल यांच्या वाचनात आले होते. परंपरा परक्यांपुढे मांडताना तिचे काय होते आणि काय राखून ठेवले जाते, हा प्रश्न शीर्षकातच आहे.

या रचनेत बास नाही. अल्टो सॅक्सोफोन, बाइकिदा कॅरोल यांचा ट्रंपेट, फिलिप विल्सन यांचे ढोल आणि चेलो, एवढेच. चौदा-पंधरा मिनिटांच्या शीर्षकरचनेचा आधार म्हणजे वदूद यांनी गजाने वाजविलेली, अकरा मात्रांच्या हिशेबाची एक खरबरीत आकृती. ती जवळजवळ अखेरपर्यंत पुनरावृत्त होत राहाते. विल्सन हे पॉल बटरफील्ड यांच्या ब्लूज समूहात वाजविलेले ढोलवादक. ते हा विषम हिशेब असा ठासून, जमिनीवर पाय रोवून वाजवितात की ऐकणाऱ्याला त्याची विषमता प्रथम जाणवतच नाही. भारतीय श्रोत्याला येथे आवर्तनाची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु समेवर येण्याचे सुख या रचनेत नाही. आकृती पुरी होते तेव्हा ती थांबत नाही, अडखळल्यासारखी होऊन पुन्हा सुरू होते. एखादी मात्रा कोणीतरी काढून घेतली असावी अशी जी भावना मागे राहते, तीच या रचनेची गती.

आता वाद्यपालट म्हणून याकडे पाहिले तर बासचे काम चेलोने केले, एवढेच दिसते. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. चेलोची सर्वांत खालची तार ‘सी’ची, तिची कंपनसंख्या सुमारे 65. बासची सर्वांत खालची तार सुमारे 41 वर असते. म्हणजे ज्या खोल ध्वनिपट्ट्यात जॅझचा श्रोता आधार शोधतो तो पट्टा येथे रिकामाच आहे. आधार आहे, पण तो वर सरकला आहे. मनुष्याच्या, विशेषतः पुरुषाच्या, आवाजाच्या कक्षेत आला आहे. परिणामी आधारस्वर हा पार्श्वभूमी न राहता बोलू लागतो. गजाचा दाब वाढवून दोन तारा एकदम घासल्यावर जो कर्कशपणा येतो, तो वदूद झाकीत नाहीत; ग्रामीण ब्लूजमधील गिटार आणि घोगऱ्या गायकीचा पोत ते त्यातून घडवितात. सॅक्सोफोन आणि ट्रंपेट त्यावर जे बोलतात ते मग ‘एकल वादन आणि साथ’ या नात्याने ऐकताच येत नाही. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल अशी लयीची तत्त्वे सांगितली. त्यांच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे संवाद आणि विरोध या दोन्हींचे केंद्र तथाकथित साथीदाराकडे गेले आहे. समतोल मात्र मुद्दामच साधलेला नाही.

‘डोगॉन ए.डी.’ प्रथम हेम्फिल यांच्या स्वतःच्या ‘म्बारी’ या नाममुद्रेखाली निघाली, 1977 मध्ये अरिस्टा-फ्रीडमने ती पुन्हा काढली आणि त्यानंतर 2011 पर्यंत ती सीडीवर आलीच नाही. जी तबकडी मिळत नाही ती अभ्यासक्रमात येत नाही, हे सांगावयास नकोच.

1977 मध्येच वदूद यांची ‘बाय मायसेल्फ’ प्रसिद्ध झाली. त्यांच्या एकट्याच्या नावावरची ही एकमेव ध्वनिमुद्रिका. प्रकाशनसंस्था ‘बिशारा’ ही त्यांची स्वतःची. सहा रचना, एकच वाद्य. प्रारंभीच्या ‘ओएसिस’मध्ये त्यांचा सारा आवाका प्रकट होतो: बोटांनी तारा छेडताना अंगठ्याने खालचा स्वर चालू ठेवणे, गिटारप्रमाणे सर्व तारांवरून हात फिरविणे, मग एकाएकी गज उचलून एखादी दीर्घ, जवळजवळ गेय ओळ सोडणे. छेडणे हे अभिजात चेलोवादनात अलंकारासारखे येते. वदूद यांच्याकडे त्याला गजाइतकाच, किंबहुना काकणभर अधिक, मान आहे. तरीही ही तबकडी म्हणजे तंत्राचे प्रदर्शन नव्हे. तीतील मोकळ्या जागा महत्त्वाच्या आहेत. स्वर विझेपर्यंत थांबण्याचा संयम त्या पिढीच्या मुक्त वादनात विरळाच आढळतो. उत्तरार्धातील एखादी रचना सैल वाटते, हेही नमूद करावयास हवे. पण त्या सैलपणातही एकटा माणूस स्वतःशी बोलत असल्याचा भास आहे, आणि शीर्षकाने सांगितले आहे तेही तेवढेच.

वदूद यांनी चेलोला ‘युरोपीय अभिजाततेच्या बंधनातून मुक्त केले’, असे एक विधान त्यांच्याविषयी सहजपणे केले जाते. ते अर्धवट आहे. सत्तरच्या दशकात ते न्यू जर्सी सिंफनी वाद्यवृंदात वाजवीत होते. रात्री न्यूयॉर्कच्या पोटमाळ्यांवरील प्रयोगशील मैफलींत आणि अन्य वेळी सिंफनीच्या खुर्चीवर, असा हा दुहेरी संसार होता. ब्राम्झ वाजविणारा हात आणि ‘डोगॉन’ वाजविणारा हात एकच आहे. ज्या खुर्चीसाठी मॅडिसन यांना आयोगाकडे जावे लागले तशीच खुर्ची मिळविलेला वादक ती नाकारण्याचे नाट्य करीत नाही. त्यांच्या स्वराची स्वच्छता, तिसऱ्या-चौथ्या पकडीतही न डळमळणारी श्रुती, ही शिस्तीची फळे आहेत. आणि कर्कशपणा हा त्या शिस्तीने निवडलेला आहे, अभावातून आलेला नाही. मुक्तीच्या रूपकाने हा फरक पुसला जातो. अवाँ-गार्दचा इतिहास केवळ बंडाचा म्हणून लिहिण्याची जी सवय आहे, तिला वदूद यांच्यासारखा कलावंत गैरसोयीचा ठरतो.

ब्लाइद यांच्या 1980 च्या ‘इल्यूजन्स’मध्ये ही गोष्ट वेगळ्या रीतीने दिसते. तेथे बॉब स्ट्युअर्ट यांचा ट्युबा खालची बाजू सांभाळतो, जेम्स ब्लड अल्मर यांची गिटार मधली. त्यामुळे चेलोला कोणतेच नेमून दिलेले काम उरत नाही आणि तो कधी यांच्याशी, कधी त्यांच्याशी संधान बांधीत हिंडतो. कोलंबियासारख्या मोठ्या कंपनीने काढलेली ही तबकडी असूनही तीतील चेलोकडे समीक्षकांचे म्हणावे तसे लक्ष गेले नाही. उलट टोकाला, पियानोवादक अँथनी डेव्हिस आणि बासरीवादक जेम्स न्यूटन यांच्यासमवेतच्या 1982 च्या ‘आय’व्ह नोन रिव्हर्स’मध्ये वादन इतके रेखीव आहे की ते जॅझच्या कप्प्यात ठेवावे की नाही असा प्रश्न पडावा. जेंकिन्स यांच्या व्हायोलिनबरोबरचे 1979 चे युगुलवादन या दोन्हींच्या मध्ये कोठेतरी बसते.

नव्वदच्या दशकात ते सार्वजनिक वादनातून दूर झाले. हेम्फिल यांच्याबरोबरची ‘ओकलंड ड्युएट्स’ 1992 मध्ये ध्वनिमुद्रित झाली. हेम्फिल 1995 मध्ये वारले. वदूद 10 ऑगस्ट 2022 रोजी निवर्तले. तत्पूर्वी चेलोवादक टोमेका रीड आणि जोएल वानेक यांनी त्यांची प्रदीर्घ मुलाखत घेऊन प्रसिद्ध केली होती. त्यांच्यासंबंधीची विश्वसनीय माहिती आज बव्हंशी तिच्यातूनच उपलब्ध होते. 2021 मध्ये हेम्फिल यांच्या संग्रहातील अप्रकाशित ध्वनिमुद्रणांचा सात सीडींचा संच निघाला, त्यात या दोघांच्या युगुलवादनाला स्वतंत्र सीडी मिळाली. ‘बाय मायसेल्फ’चे पुनर्मुद्रण 2023 मध्ये झाले, तेही क्लीव्हलंडमधूनच. ते पाहावयास वदूद नव्हते.

विजय अय्यर यांच्या त्रिकुटाने 2009 च्या ‘हिस्टॉरिसिटी’मध्ये ‘डोगॉन ए.डी.’ वाजविली आहे. तेथे पियानो, बास आणि ढोल आहेत. सॅक्सोफोन नाही, ट्रंपेट नाही, चेलोही नाही. हेम्फिल यांची सुरावट त्यात ओळखू येते. पण रचना ओळखीची वाटते ती त्याआधीच, पियानोचा डावा हात आणि बास यांनी ती अकरा मात्रांची आकृती धरल्याबरोबर.